आरोग्यावर जास्त खर्च केला तर आयुर्मान वाढते का?

दीर्घतमा (धागाकर्ता)

आडव्या अक्षावर दरडोई आरोग्यखर्च आणि उभ्या अक्षावर जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान दाखवणारा आलेख इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असेल. गरीब देशांचे ठिपके डावीकडे तळाशी असतात, तिथून आयुर्मान झपाट्याने चढते, मग चढण मंदावते आणि श्रीमंत देशांपाशी पोचेपर्यंत ती जवळजवळ सपाट होते. उजव्या टोकाला बाकी सगळ्यांपासून दूर पडलेला ठिपका अमेरिकेचा. २०२३ साली अमेरिकेने जीडीपीच्या १७.६ टक्के, म्हणजे दरडोई साडेचौदा हजार डॉलरहून थोडी अधिक रक्कम आरोग्यावर खर्च केली आणि त्या वर्षी तिथले आयुर्मान ७८.४ वर्षे होते. जपानचा खर्च जीडीपीच्या सुमारे ११ टक्के असतो, दरडोई हिशेबाने तो अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी भरतो, आणि तिथले आयुर्मान ८४ च्या आसपास आहे. १९८० साली अमेरिकेचा खर्च जीडीपीच्या सुमारे ९ टक्के होता आणि आयुर्मान ७३.७ वर्षे होते. याचा अर्थ चार दशकांत खर्चाचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला आणि पदरात पाच वर्षेही पडली नाहीत. त्याच काळात जपान ७६ वरून आठ वर्षे पुढे गेला.

या आलेखावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. एक गट म्हणतो की गरीब देशांनी खर्च वाढवला की आयुर्मान आपोआप वाढेल, कारण डावीकडची चढण तसेच सांगते. दुसरा गट उजवीकडच्या सपाट भागाकडे बोट दाखवून म्हणतो की एका मर्यादेनंतर वैद्यकावरचा खर्च वायाच जातो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष आलेखातून निघत नाहीत. आलेख देशांच्या सरासरी खर्चाची तुलना करतो. धोरण ठरवणाऱ्याला मात्र पुढची रक्कम नेमकी कुठे घातली तर किती मृत्यू टळतील, हे हवे असते. या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच देशात एकाच वर्षी अगदी वेगळी असू शकतात.

चर्चेच्या सोयीसाठी एक जुना संदर्भ देतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली राष्ट्रीय उत्पन्न आणि आयुर्मान यांचा वक्र तीन वेगवेगळ्या काळांसाठी काढला: विसाव्या शतकाचा प्रारंभ, १९३० चे दशक आणि १९६० चे दशक. प्रत्येक काळात वक्राचा आकार साधारण तोच राहिला, परंतु अख्खा वक्र वर सरकत गेला. तितक्याच उत्पन्नात नंतरच्या काळातला माणूस जास्त जगत होता. १९३० ते १९६० या काळात जगाचे आयुर्मान जितके वाढले त्यातील १० ते २५ टक्केच वाढ उत्पन्नवाढीमुळे झाली, असा त्यांचा अंदाज होता. उरलेल्या वाढीचे श्रेय कोणाला द्यायचे यावरच खरा वाद आहे, आणि त्यावर जाणकारांची मते वाचायला आवडतील.

लघुगणक

विषय उत्तम आहे. आकड्यांविषयी काही गोष्टी आधीच स्पष्ट केल्या तर पुढची चर्चा भरकटणार नाही.

खर्च जीडीपीच्या टक्केवारीत मोजायचा, बाजारातील विनिमयदराने डॉलरमध्ये मोजायचा की क्रयशक्ती समानतेने, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरक वजा करून, यावर देशांचा क्रम बदलतो. आरोग्यसेवेचा मोठा भाग हा मनुष्यबळाचा पगार असतो आणि गरीब देशांत परिचारिकेचा पगार कमी असतो, त्यामुळे विनिमयदराने पाहिले की तिथली सेवा आहे त्याहून किरकोळ दिसते. शिवाय आडवा अक्ष लॉग स्केलवर घेतला, म्हणजे अक्षावरचे प्रत्येक समान अंतर खर्चाची समान पट दाखवेल असा, तर धागाकर्त्यांनी वर्णन केलेला सपाट भाग बराचसा नाहीसा होतो आणि ठिपके एका तिरप्या रेषेच्या आसपास येतात. याचा अर्थ इतकाच की समान वर्षे वाढवण्यासाठी खर्च प्रत्येक वेळी त्याच पटीत वाढवावा लागतो. तो सपाट भाग म्हणजे निष्फळ खर्चाचा पुरावा नव्हे.

दुसरा मुद्दा कार्यकारणाच्या दिशेचा. जास्त जगणाऱ्या समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त असते आणि वृद्धांवरचा दरडोई खर्च तरुणांच्या कितीतरी पट असतो. जपानमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्ती लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहेत. तिथल्या खर्चाचा काही भाग हा दीर्घायुष्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. तिसरा मुद्दा उत्पन्नाचा. जोसेफ न्यूहाउस यांनी १९७७ साली १३ विकसित देशांची आकडेवारी तपासली तेव्हा दरडोई आरोग्यखर्चातील ९० टक्क्यांहून अधिक फरक निव्वळ राष्ट्रीय उत्पन्नावरून सांगता येत होता. म्हणून आरोग्यखर्चाच्या आलेखात आपण प्रत्यक्षात बऱ्याच अंशी उत्पन्नाचाच आलेख पाहत असतो, आणि उत्पन्नासोबत पोषण, घरे, सांडपाणी, शाळा, रस्ते हे सगळे चालत येते.

आणखी एक बाब हमखास विसरली जाते. एखाद्या वर्षाचे आयुर्मान म्हणजे त्या वर्षी जन्मलेले मूल प्रत्यक्षात किती जगेल याचे भाकीत नसते. त्या वर्षीचे प्रत्येक वयोगटातील मृत्युदर जन्मभर तसेच राहिले तर ते मूल सरासरी किती जगेल, एवढेच ते सांगते. म्हणून ते साथी आणि युद्धांना लगेच प्रतिसाद देते, परंतु आज सुरू झालेल्या धूम्रपानाचा परिणाम त्यात उमटायला दोन-तीन दशके लागतात. या वर्षीचा खर्च आणि या वर्षीचे आयुर्मान शेजारी ठेवणे हे मुळातच विचित्र आहे.

उलटतपासणी

लघुगणक यांच्या तिसऱ्या मुद्द्यालाच मी पुढे नेतो. मला असे वाटते की वैद्यकीय सेवेला आयुर्मानवाढीचे जे श्रेय दिले जाते ते बरेच फुगवलेले आहे.

सामाजिक वैद्यकाचे ब्रिटिश अभ्यासक थॉमस मॅककिओन यांनी दाखवलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतत घटत होते आणि १९४७ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन वापरात आले तोवर त्यांतील बहुतांश घट होऊन गेलेली होती. औषध आले ते जवळपास संपत आलेल्या लढाईच्या शेवटी. सरकारी खर्चाचे चित्रही फारसे उत्साहवर्धक नाही. फिल्मर आणि प्रिचेट यांनी १९९९ साली देशादेशांतील बालमृत्युदराचा अभ्यास केला तेव्हा सुमारे ९५ टक्के फरक उत्पन्न, उत्पन्नातील विषमता, स्त्रीशिक्षण आणि समाजरचनेच्या एकदोन घटकांवरून स्पष्ट होत होता आणि सरकारी आरोग्यखर्चाचा स्वतंत्र परिणाम नगण्य दिसत होता.

देशांची तुलना सदोष असते हे मान्य, म्हणून यादृच्छिक प्रयोगांकडे वळू. रँड संस्थेने १९७० च्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वेगवेगळ्या विमा योजनांत वाटले. ज्यांना सेवा पूर्ण मोफत होती त्यांनी, सर्वाधिक पदरमोड करावी लागणाऱ्या गटाच्या मानाने, बराच जास्त उपचार घेतला; तरीही सरासरी माणसाच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अपवाद होते ते प्रामुख्याने गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा रक्तदाब, दृष्टी आणि दात यांचे. २००८ साली ओरेगन राज्याने गरीब प्रौढांसाठी सरकारी विम्याच्या मर्यादित जागा सोडत काढून दिल्या, त्यामुळे पुन्हा तसाच नैसर्गिक प्रयोग घडला. सुमारे दोन वर्षांनी मोजले तेव्हा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाच्या नियंत्रणात संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण सुधारणा आढळली नाही. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांच्या आयुर्मानात १४.६ वर्षांची तफावत असल्याचे दाखवले. गरीब लोक काही भागांत जास्त आणि काही भागांत कमी का जगतात हे शोधताना त्यांना धूम्रपान, लठ्ठपणा आणि व्यायाम यांच्याशी संबंध सापडला. वैद्यकीय सेवेच्या उपलब्धतेशी तो फारसा सापडला नाही.

अशा परिस्थितीत अर्थसंकल्पात आणखी रक्कम घाला असे म्हणणाऱ्यांनी पुराव्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यायला हवी.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे माझ्या मताला व्यवसायाचा रंग आहे असे समजून वाचावे. तरीही उलटतपासणी यांनी दिलेले पुरावे ते म्हणतात तितके दूर जात नाहीत.

मॅककिओन यांनी मृत्यू घटण्याचे श्रेय सुधारलेल्या पोषणाला दिले आणि इतिहासकार सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये त्यावर मुद्देसूद आक्षेप घेतला. नगरपालिकांनी पाणी, सांडपाणी आणि घरांवर केलेला खर्च मॅककिओन यांच्या हिशेबात जवळजवळ हरवला होता. हा खर्च आरोग्यखात्याच्या वहीत दिसत नाही, परंतु तो आरोग्यासाठीच केलेला सार्वजनिक खर्च आहे. तेव्हा ते उदाहरण खर्च निरुपयोगी असल्याचे नसून खर्च कोणत्या खात्यात मांडला जातो याचे आहे.

फिल्मर आणि प्रिचेट यांच्यानंतर राजकुमार आणि स्वरूप यांनी २००८ मध्ये तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि कारभार बरा असलेल्या देशांत सरकारी आरोग्यखर्चाने बालमृत्यू घटतात, कारभार ढिसाळ असेल तिथे घटत नाहीत, असे त्यांना आढळले. सरासरी काढली की दोन्ही प्रकारचे देश एकत्र येतात आणि परिणाम पुसला जातो.

ओरेगनविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण त्या प्रयोगाचा हवाला सतत दिला जातो. सोडतीत नाव आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी विमा प्रत्यक्षात घेतला नाही, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या मर्यादित होती आणि काळ दोन वर्षांचा होता. इतक्या नमुन्यात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची सुधारणा झाली असती तरी ती निश्चितपणे पकडता आली नसती. अर्थपूर्ण फरक आढळला नाही याचा अर्थ फरक नव्हता असा होत नाही. मृत्यू ही मध्यमवयीन माणसांत विरळ घटना आहे आणि तिच्यावरचा परिणाम मोजायला लाखो माणसे लागतात. अशी संधी पुढे आली. विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या अमेरिकी कुटुंबांपैकी सुमारे ३९ लाख यादृच्छिकपणे निवडलेल्या कुटुंबांना २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या करखात्याने विम्याची माहिती देणारे पत्र पाठवले आणि उरलेल्यांना ते गेले नाही. पत्र मिळालेल्यांमध्ये विमा घेण्याचे प्रमाण किंचित वाढले आणि ४५ ते ६४ या वयोगटात पुढच्या दोन वर्षांत दर १,६४८ पत्रप्राप्त व्यक्तींमागे एक मृत्यू कमी झाला. एका साध्या पत्राचा हा परिणाम आहे हे लक्षात घेतले तर तो लहान नाही.

आता जिथे खर्च आणि आयुष्य यांचा संबंध उघड्या डोळ्यांनी दिसतो ते उदाहरण. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांताच्या एका ग्रामीण भागात २००३ साली प्रौढांचे अपेक्षित आयुर्मान ४९.२ वर्षे होते. २००४ पासून तिथे सरकारी यंत्रणेतून एचआयव्हीवरील औषधे मिळू लागली आणि २०११ पर्यंत तेच आयुर्मान ६०.५ वर झाले. आठ वर्षांत अकरा वर्षांहून अधिक वाढ, आणि वाचलेल्या प्रत्येक जीवनवर्षामागे खर्च सुमारे १,६०० डॉलर. इतक्या अल्पकाळात पोषण, शिक्षण किंवा उत्पन्न यांपैकी कशानेही अशी झेप घेतली नसती.

श्रीमंत देशांतही श्रेयाची विभागणी उलटतपासणी म्हणतात तितकी एकतर्फी नाही. अमेरिकेत १९८० ते २००० दरम्यान हृदयधमन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. फोर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील विश्लेषणानुसार त्यातील सुमारे ४७ टक्के घट उपचारांमुळे आणि ४४ टक्के घट धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब अशा जोखमी कमी झाल्यामुळे होती. त्या रक्तदाबाच्या गोळ्याही कोणीतरी लिहून दिलेल्याच असतात, त्यामुळे ही सीमारेषासुद्धा पुसट आहे.

कुतूहल

सर्व प्रतिसाद वाचले. एक प्रश्न अनुत्तरित राहिला आहे असे वाटते. उपचार परिणामकारक आहेत आणि अमेरिका सर्वाधिक खर्च करते, तर मग ती मागे का? तिथले डॉक्टर किंवा रुग्णालये वाईट आहेत असे तर कोणी म्हणत नाही.

अव्यय

कुतूहल यांच्या प्रश्नाचे उत्तर दोन निरनिराळ्या भागांत द्यावे लागते, कारण खर्च जास्त का आहे आणि आयुष्य कमी का आहे यांची कारणे बहुतांशी वेगवेगळी आहेत. आलेखावर ती एकाच ठिपक्यात येतात म्हणून आपण त्यांना एकत्र गुंफतो.

खर्च जास्त असण्याचे प्रमुख कारण किमती. गेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे स्पष्टपणे मांडले: अमेरिकी माणूस इतर श्रीमंत देशांतील माणसापेक्षा डॉक्टरकडे जास्त वेळा जात नाही, रुग्णालयात जास्त दिवसही राहत नाही, तो प्रत्येक गोष्टीचे जास्त पैसे मोजतो. जपानमध्ये प्रत्येक सेवेचा दर सरकार ठरवते आणि ते दरपत्रक दर दोन वर्षांनी सुधारले जाते. अमेरिकेत तीच तपासणी एका विमा कंपनीसाठी एका दराने आणि दुसरीसाठी भलत्याच दराने होते. त्यात असंख्य विमा कंपन्यांशी हिशेब जुळवण्यासाठी लागणारा प्रशासकीय खर्च वेगळाच. किंमत दुप्पट केली म्हणून औषधाचा गुण दुप्पट होत नाही, त्यामुळे या जादा खर्चाकडून जादा आयुष्याची अपेक्षाच चुकीची आहे.

आयुष्य कमी असण्याची कारणे वयानुसार पाहावीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१३ साली १६ समकक्ष देशांशी केलेल्या तुलनेत असे दिसले की पुरुषांच्या आयुर्मानातील तफावतीपैकी सुमारे दोन तृतीयांश तफावत पन्नाशीच्या आत होणाऱ्या मृत्यूंमुळे आहे. उलट पंचाहत्तरी गाठलेल्या अमेरिकी माणसाची पुढे जगण्याची शक्यता इतर देशांच्या तोडीची किंवा बरी होती. २०२२ मध्ये तिथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार, बंदुकीने सुमारे ४८ हजार आणि रस्त्यांवरील अपघातांत ४२ हजारांहून अधिक माणसे मेली. ऐंशीव्या वर्षी झालेला मृत्यू सरासरीतून काही वर्षे काढतो, तर पंचविशीतला मृत्यू पन्नासहून अधिक वर्षे एकदम काढतो. बंदुकीचे नियम, वेगमर्यादा, वेदनाशामक ओपिऑइड औषधांची विक्री कशी झाली, यांपैकी कशाचाही हिशेब हृदयशल्यविभागाच्या अंदाजपत्रकात सापडणार नाही.

सोव्हिएत रशियाचे उदाहरण याच्याशी ताडून पाहावे. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम काढली आणि पुरुषांचे आयुर्मान लगोलग वाढले. मोहीम ओसरली, राज्य कोसळले आणि १९९४ पर्यंत ते ५८ वर्षांच्या खाली आले. डॉक्टरांची संख्या त्या देशात कधीच कमी नव्हती.

संथ वाचक

आतापर्यंतची चर्चा श्रीमंत देशांभोवती फिरते आहे. माझ्या मते विषयाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आलेखाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे थोड्या खर्चात बरेच आयुष्य मिळवणाऱ्या प्रदेशांत.

१९८५ साली रॉकफेलर फाउंडेशनने चीन, श्रीलंका, कोस्टा रिका आणि केरळ या चार ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्पन्न कमी असूनही तिथले बालमृत्यू कमी आणि आयुर्मान जास्त होते. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी पुढच्याच वर्षी त्यामागची समान सूत्रे शोधली तेव्हा स्त्रियांचे शिक्षण आणि त्यांचे घरातील स्थान, राजकीय जागरूकता आणि घराजवळ चालू असलेले आरोग्यकेंद्र हे घटक पुढे आले. केंद्र सुरू असणे पुरेसे नव्हते. तिथे परिचारिका हजर नसेल तर गावातल्या लोकांनी आवाज उठवणे हेही तितकेच महत्त्वाचे होते. नाडीपरीक्षा यांनी कारभाराचा जो मुद्दा मांडला तो इथे प्रत्यक्ष दिसतो.

कोस्टा रिकाकडे अधिक बारकाईने पाहावे असे मी सुचवेन. बाजार विनिमयदराने तिथला दरडोई खर्च अमेरिकेच्या दशांशाहूनही कमी आहे आणि आयुर्मान ८० वर्षांच्या आसपास आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी देशाची विभागणी लहान लहान क्षेत्रांत केली आणि प्रत्येक क्षेत्राला एक पथक दिले, ज्यात डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी जाणारा आरोग्यसेवक असतो. कोणाचे लसीकरण राहिले आहे, कोणती गर्भवती तपासणीला आली नाही, कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, याची नोंद त्या पथकाकडे असते. रुग्ण दारात येण्याची वाट न पाहता त्याच्या दारात जाणे हा त्या व्यवस्थेचा गाभा आहे, आणि तिला यंत्रांपेक्षा माणसे जास्त लागतात.

स्वस्त उपायांमध्ये जलसंजीवनीला तोड नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा शिरेतून द्यायचे सलाइन पुरेनासे झाले. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढच्या दशकांत या उपायाने जगभर वाचवलेल्या मुलांचा हिशेब कोट्यवधींत करतात. खर्चाच्या आलेखावर ही घटना जवळजवळ अदृश्य आहे.

क्यूबाचे नाव इथे हमखास घेतले जाते, म्हणून एक इशारा. तिथले आयुर्मान चांगले आहे यात वाद नाही, परंतु जन्मानंतर लगेच होणारे काही मृत्यू मृतजन्म म्हणून नोंदवले जात असावेत, असा आक्षेप काही संशोधकांनी आकड्यांच्या प्रमाणावरून घेतला आहे. खर्चाचा आकडाही नियंत्रित विनिमयदरामुळे तुलनेस अवघड ठरतो. त्या ठिपक्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

उलटतपासणी

संथ वाचक यांच्या प्रतिसादातील तथ्यांशी सहमत आहे, पण त्यातून कमी खर्चाचे कौतुक निघते त्याला मर्यादा आहे. कोस्टा रिकातील रुग्ण आज ज्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, ज्या लसी तिथल्या मुलांना मिळतात, त्या शोधण्याचा खर्च बहुतांशी श्रीमंत देशांनी केलेला आहे. ज्ञान सीमा ओलांडते, बिल ओलांडत नाही. प्रेस्टन यांचा वक्र काळानुसार वर सरकला तो मुख्यतः अशा ज्ञानामुळे, आणि त्याचा लाभ खर्च करणाऱ्या देशाइतकाच न करणाऱ्यालाही झाला. त्यामुळे देशागणिक खर्च आणि देशागणिक आयुर्मान यांची जोडी लावली की खर्चाचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसणारच. मी वैद्यकाच्या श्रेयाविषयी साशंक आहे, परंतु हा युक्तिवाद माझ्या बाजूच्या विरुद्ध जातो हे नोंदवणे भाग आहे.

दीर्घतमा

उलटतपासणी यांनी मांडलेला ज्ञानाचा मुद्दा मला या धाग्यातील सर्वांत मोलाचा वाटला. त्याला जोडून मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पुढच्या रकमेकडे येतो.

डेव्हिड कटलर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील १९६० ते २००० या काळाचा हिशेब मांडला. आयुर्मानात सुमारे सात वर्षांची वाढ झाली होती. त्यातील निम्मी वैद्यकीय सेवेमुळे झाली असे गृहीत धरल्यास जन्मापासूनच्या हिशेबात प्रत्येक जादा जीवनवर्षामागे सरासरी १९,९०० डॉलर खर्च आला, जो कोणत्याही मापाने परवडणारा आहे. मात्र ६५ वर्षांवरील लोकांसाठी हाच आकडा १९७० च्या दशकात ४६,८०० डॉलर होता आणि १९९० च्या दशकात तो १,४५,००० डॉलरवर पोचला. सरासरी परतावा उत्तम आणि सीमांत परतावा, म्हणजे पुढच्या जादा रकमेमागे मिळणारा लाभ, घसरता, अशी ही स्थिती आहे. एकच देश, एकच व्यवस्था. प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर बदलते.

ब्रिटनमधील काम याहून थेट आहे. यॉर्क विद्यापीठाच्या कार्ल क्लॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या स्थानिक अंदाजपत्रकांतील चढउतार आणि मृत्युदर यांची सांगड घालून असा अंदाज काढला की २००८ च्या सुमारास सेवेत घातलेल्या किंवा काढून घेतलेल्या दर सुमारे १३,००० पौंडांमागे निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळत किंवा जात होते. नवी औषधे मंजूर करणारी तिथली संस्था, नाइस, मात्र अनेक वर्षे अशा एका वर्षासाठी २० ते ३० हजार पौंड मोजायला तयार होती. अंदाजपत्रक ठरलेले असताना ३० हजार पौंडांचे औषध मंजूर केले की ती रक्कम कुठल्या तरी दवाखान्यातून, परिचारिकेच्या रिकाम्या ठेवलेल्या जागेतून किंवा लांबवलेल्या शस्त्रक्रियेतून निघते, आणि तिथे दोनहून अधिक वर्षे गमावली जातात. औषध मिळालेल्या रुग्णाचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. गमावलेल्या वर्षांचे धनी कोण हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच अशा निर्णयांना राजकारणात फारसा विरोध होत नाही.

कुतूहल

मग विमा योजनांवर होणारा प्रचंड सरकारी खर्च समर्थनीय आहे का? आयुर्मानाचा निकष लावला तर लस आणि घरोघरी जाणारे पथक यांच्यापुढे तो टिकणार नाही असे दिसते.

नाडीपरीक्षा

आयुर्मान हा विम्याचा एकमेव निकष मानला तरच. ओरेगनच्या सोडतीत रक्तदाब हलला नाही, पण नैराश्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि आजारपणामुळे डोक्यावर बसणारा अवाढव्य खर्च जवळजवळ नाहीसा झाला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गुडघ्याचे प्रत्यारोपण, प्रसूतीतील वेदनाशमन, दात, श्रवणयंत्र यांनी आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही. माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग असाच आहे, आणि उजवीकडच्या सपाट रेषेवर जे पैसे वाया गेल्यासारखे दिसतात त्यातील बरेचसे याच कामांवर गेलेले असतात.

लघुगणक

नाडीपरीक्षा यांच्या मुद्द्यामुळे मोजमापाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. आयुर्मानाऐवजी वेळेवर मिळालेल्या उपचाराने टळू शकले असते असे मृत्यू वेगळे काढून त्यांची तुलना करण्याची पद्धत आता रूढ आहे. त्यात अपेंडिक्स, प्रसूती, क्षय, उपचारक्षम कर्करोग, मधुमेह अशा कारणांचा समावेश असतो आणि बंदूक किंवा रस्ता यांचा नसतो. या मापानेही अमेरिका समकक्ष देशांच्या मागेच राहते, तेव्हा अव्यय यांनी दिलेल्या स्पष्टीकरणाने सगळी तफावत भरून निघत नाही. विमा नसलेल्यांचा आणि उशिरा उपचार घेणाऱ्यांचा वाटा त्यात शिल्लक राहतो. मात्र ही तफावत एकूण आयुर्मानाच्या आलेखावरून वाटते तेवढी विचित्र दिसत नाही.

ज्यांना तरीही वर्षागणिक खर्च आणि आयुर्मान यांचीच जोडी लावायची आहे त्यांनी २०१९ ते २०२३ ही अमेरिकेची पाच वर्षे घ्यावीत. २०१९ मध्ये आयुर्मान ७८.८ होते. २०२० मध्ये आरोग्यखर्चाचा जीडीपीतील वाटा १९ टक्क्यांच्या वर गेला आणि आयुर्मान ७७ वर आले, २०२१ मध्ये ते ७६.४ झाले. पुढे तो वाटा पुन्हा साडेसतरा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि आयुर्मान ७८.४ पर्यंत चढले. या पाच ठिपक्यांतून रेषा काढली तर ती खाली उतरणारी येते, आणि साथीची माहिती नसलेल्या माणसाला ती रेषा पूर्णपणे विश्वासार्ह वाटेल.